फाइली शाबूत, नोंदी गायब: डिजिटल ग्रंथालयाच्या मेटाडेटाचा बॅकअप कसा घेतात?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या पेटल्या आणि शेकडो सरकारी सेवा एकदम बंद पडल्या. त्यातल्या बऱ्याच सेवा हळूहळू सुरू झाल्या, पण सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं ज्यात ठेवत, तो ‘जी-ड्राइव्ह’ गेला तो गेलाच. त्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. साठाच इतका अवाढव्य होता की त्याचा बाहेर बॅकअप ठेवला गेला नव्हता, असं कारण पुढे आलं.

आपल्याकडे ही बातमी ‘केवढा डेटा जळाला’ म्हणून वाचली गेली. मला त्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘फार मोठं आहे, म्हणून प्रत नाही’ हे आपल्या कॉलेजांत, संशोधन संस्थांत, जुन्या ग्रंथालयांतही ऐकायला मिळतं. स्कॅन केलेली दुर्मीळ पुस्तकं, प्रबंध, प्रश्नपत्रिका, हस्तलिखितं सर्व्हरवर चढवलेली असतात. बॅकअपचा विषय निघाला की किती टेराबाइट, किती हार्ड डिस्क, किती पैसे हे गणित पुढे येतं आणि विषय तिथेच बारगळतो. पण त्या साठ्यातला सगळ्यात मेहनतीचा आणि गेला तर परत न मिळणारा भाग अगदी लहान असतो. साध्या पेन ड्राइव्हवर मावेल एवढा. तो भाग म्हणजे मेटाडेटा, आणि त्याचा बॅकअप न घेण्याला जागेचं कारण कधीच चालत नाही.

मेटाडेटा म्हणजे काय?

समजा, १९८७ मध्ये कुणीतरी खानदेशातल्या भूमिहीन मजुरांवर प्रबंध लिहिला आणि आज त्याची तीनशे पानं स्कॅन करून पीडीएफ केली. ती पीडीएफ म्हणजे डेटा. प्रबंधाचं शीर्षक, लेखक, मार्गदर्शक, विद्यापीठ, वर्ष, विषय, भाषा, स्कॅन कधी झालं, कुणाला वाचायची परवानगी आहे, ही त्या पीडीएफबद्दलची माहिती म्हणजे मेटाडेटा. ग्रंथालयातली माणसं याला सरळ ‘नोंद’ म्हणतात. पुढे मीही बहुतेक ठिकाणी नोंदच म्हणेन.

नोंदी आणि फाइली एकत्र सांभाळणारी सर्व्हरवरची यंत्रणा म्हणजे रिपॉझिटरी. आपल्याकडे त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे डीस्पेस. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयाने ह्यूलेट-पॅकार्डबरोबर ते तयार केलं आणि २००२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. भारतातले पीएचडीचे प्रबंध जिथे मिळतात ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची ‘शोधगंगा’ डीस्पेसवर चालते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या शोधनिबंधांसाठी तेच वापरलं आणि पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानेही जुन्या पुस्तकांसाठी तेच निवडलं. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून कॉलेजात घाईघाईने उभी केलेली रिपॉझिटरीही पुष्कळदा डीस्पेसचीच असते. म्हणून सगळं डीस्पेस डोळ्यांसमोर ठेवून सांगते. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतील, तत्त्व तेच राहील.

सर्व्हर उघडून पाहिला तर

बाहेरून रिपॉझिटरी एकच दिसते. शीर्षक दिसतं, खाली पीडीएफची लिंक दिसते. आत मात्र या दोन गोष्टी दोन वेगळ्या जागी असतात.

पहिली जागा डेटाबेस, म्हणजे तक्त्यांच्या रूपात माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर. डीस्पेसमध्ये हे काम पोस्टग्रेस करतं. सगळ्या नोंदी तिथे असतात. दुसरी जागा ‘असेटस्टोअर’ नावाचा एक फोल्डर. प्रत्यक्ष फाइली त्यात असतात.

आता आपला तो प्रबंध चढवून पाहू. तुमच्या संगणकावर फाइलीला छान, वाचता येईल असं नाव होतं. डीस्पेस ती फाइल घेतं आणि तिला एक ३८ अंकी आकडा देतं. आकड्याची सुरुवात ४७२९०३ अशी असेल, तर फाइल ‘४७’ नावाच्या फोल्डरात, त्याच्या आतल्या ‘२९’मध्ये, त्याच्याही आतल्या ‘०३’मध्ये जाऊन बसते. तिचं नाव म्हणजे तो अख्खा ३८ अंकी आकडा. शेवटी ‘.पीडीएफ’ हे शेपूटसुद्धा नसतं. असेटस्टोअरमध्ये हजारो फाइली अशाच पडलेल्या असतात. ४७-२९-०३ मधली फाइल म्हणजे खानदेशावरचा प्रबंध, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं.

लाँड्रीत कपडे टाकले की कॉलरच्या आत नंबराची चिठ्ठी लागते आणि काउंटरवरच्या वहीत त्या नंबरापुढे नाव लिहिलं जातं. समजा, दुकानातले सगळे कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, जागच्या जागी आहेत. फक्त वही हरवली. कुठला शर्ट कुणाचा, हे आता शर्टाकडे पाहून कळणार नाही. असेटस्टोअर म्हणजे ते कपडे आणि डेटाबेस म्हणजे ती वही.

‘बॅकअप घेतो आम्ही’ याचा अर्थ अनेक ठिकाणी एवढाच असतो, की महिन्या-दोन महिन्यांनी तो मोठा फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी केला. अशा ठिकाणी सर्व्हर गेला तर कपडे वाचतात, वही जाते. एकेक फाइल उघडून, पहिलं पान वाचून, ती काय आहे हे पुन्हा लिहावं लागतं.

वहीत फक्त नावंच नसतात

पुन्हा लिहू की, असं वाटेल. पण शीर्षक आणि लेखक पहिल्या पानावर सापडतील. डेटाबेसमधल्या पुढच्या गोष्टी फाइलीत कुठेच नसतात.

एक, परवानग्या. एखाद्या संशोधकाने ‘माझं पुस्तक येईपर्यंत प्रबंध खुला करू नका’ असं लिहून दिलेलं असतं. एखाद्या घराण्याने कागदपत्रं ‘फक्त वाचनालयात बसून पाहण्यासाठी’ या अटीवर दिलेली असतात. कोणती फाइल कोणाला दिसावी हे डेटाबेसमध्ये असतं. नोंदी गेल्या आणि फाइली नव्याने चढवल्या, तर बंद ठेवायच्या गोष्टी नकळत जगासमोर उघड्या होतात. ज्यांनी विश्वासाने कागद दिले त्यांचा तो विश्वासघात ठरेल, आणि मला तरी हे नुकसान फाइल हरवण्यापेक्षा मोठं वाटतं.

दोन, कायमचा पत्ता. रिपॉझिटरीतल्या प्रत्येक वस्तूला ‘हँडल’ नावाचा क्रमांक मिळतो. शोधगंगेवरच्या प्रबंधाच्या पत्त्यात १०६०३ हा आकडा आणि त्यापुढे आणखी एक क्रमांक दिसतो, तेच हँडल. संस्थेचं संकेतस्थळ बदललं तरी हा पत्ता बदलू नये, यासाठीच तो असतो. लोक आपल्या शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत तो छापतात. नोंदी हाताने पुन्हा भरल्या की नवे क्रमांक मिळतात, आणि आजवर छापलेले जुने पत्ते आंधळे होतात.

तीन, फाइलीचा ठसा. फाइल चढवताना तिच्यावरून गणिताने एक छोटा सांकेतिक आकडा काढून डेटाबेसमध्ये ठेवलेला असतो. त्याला चेकसम म्हणतात. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी पुन्हा काढलेला चेकसम जुळत नाही. पाच वर्षांनी फाइल आतून सडली आहे का, हे त्यावरूनच कळतं. नोंद गेली की ताडून पाहायला काहीच उरत नाही.

मराठी साठ्याला हे दुप्पट लागू

इंग्रजी पीडीएफची नोंद हरवली तरी संगणक आतला मजकूर वाचून थोडीफार ओळख पटवू शकतो. मराठीत तेवढाही आधार नसतो. जुनी पुस्तकं म्हणजे नुसती पानांची छायाचित्रं. नव्वदच्या दशकापासून पुढे टाइप झालेले कित्येक प्रबंध युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या संकेतात नाहीत, तर त्या काळच्या फॉन्टांत आहेत. पडद्यावर मराठी अक्षरं दिसतात, पण कॉपी करून पाहा, भलतीच चिन्हं उमटतात. शोधयंत्राला त्या पीडीएफमध्ये ‘भूमिहीन’ हा शब्द सापडतच नाही. तो सापडतो फक्त नोंदीत, कारण तिथे कुणीतरी बसून तो युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो. मोडीतल्या कागदांचं तर बोलायलाच नको. त्यांची नोंद करणारा माणूस मोडी वाचणारा लागतो, आणि असे जाणकार मोजकेच आहेत. त्यांनी कागदावर नजर टाकून लिहिलेल्या चार ओळी हीच त्या कागदाकडे जाणारी एकमेव वाट असते.

किती मोठं आणि किती मेहनतीचं

एक ढोबळ हिशेब करू. पाच हजार वस्तू आहेत. प्रत्येक नोंदीत पंचवीस रकाने, प्रत्येक रकान्यात सरासरी साठ अक्षरं धरा. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. गुणाकार केला तर सगळ्या नोंदी मिळून साधारण २२ मेगाबाइट भरतात. डेटाबेसचा इतर पसारा धरून त्याच्या काही पट म्हणा. तरी मोबाइलवर आलेल्या एखाद्या व्हिडिओएवढंच. त्याच पाच हजार वस्तूंच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, प्रत्येकी ५० मेगाबाइट धरल्या तर, २५० गिगाबाइट होतात.

आता मेहनतीचा हिशेब. शीर्षपान वाचून, विषय ठरवून, नावांचं लेखन तपासून एक नोंद करायला दहा मिनिटं धरा. पाच हजार नोंदींना ८३३ तास लागतात. दिवसाचे सहा तास या एकाच कामाला दिले तरी एका माणसाचे जवळपास १४० कामाचे दिवस. फाइली पुन्हा स्कॅन करायला पुस्तक आणि यंत्र पुरतं. नोंदी पुन्हा करायला समज असलेला माणूस लागतो, आणि ज्याने त्या केल्या तो कदाचित निवृत्त झालेला असतो.

गिटलॅबमध्ये काय झालं होतं?

जगभरातले प्रोग्रामर आपला कोड ज्या सेवांवर ठेवतात त्यांतली एक गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथे डेटाबेसची दुय्यम प्रत बिघडली होती आणि ती दुरुस्त करताना एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचाच फोल्डर पुसायला घेतला. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते.

कोड मात्र शाबूत होता, कारण तो वेगळ्या जागी होता. गेल्या त्या नोंदी: कोणता प्रकल्प कोणाचा, त्यावर कोणी काय लिहिलं, नवी खाती कोणाची. आपल्या कपडे आणि वहीच्या गोष्टीतलीच विभागणी.

मग बॅकअप शोधायला गेले. रोज डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम होता, पण तो जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. प्रोग्राम दर वेळी ‘जमलं नाही’ असा ईमेलही पाठवत होता, पण ते ईमेल पलीकडच्या यंत्रणेने नाकारले आणि कुणाला पोचलेच नाहीत. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत. त्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. त्यांत सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती होती. कंपनीने हे सगळं लपवून न ठेवता जाहीर लिहिलं, म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येतं.

बॅकअपमध्ये काय काय हवं, आणि कोणत्या क्रमाने

डेटाबेसचा फोल्डर नुसता कॉपी करून चालत नाही. डेटाबेस सतत लिहीत असतो; कॉपी चालू असताना अर्धं लिहिलेलं पान उचललं जातं आणि ती प्रत नंतर उघडतच नाही. त्यासाठी पोस्टग्रेसबरोबर ‘पीजी-डम्प’ नावाचा प्रोग्राम येतो. तो एका क्षणाचं सुसंगत चित्र काढून एका फाइलीत ठेवतो, आणि तेवढ्यासाठी साइट बंद ठेवावी लागत नाही. या फाइलीला डम्प म्हणतात. काम रोज रात्री आपोआप होईल असं लावून ठेवता येतं.

दुसरा भाग असेटस्टोअर. तो मोठा असतो, पण रोज पूर्ण कॉपी करायची गरज नसते. फाइली एकदा चढल्या की बदलत नाहीत. फक्त नव्या आलेल्या तेवढ्या उचलायच्या.

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच पुष्कळदा उलटा असतो. आधी डेटाबेसचा डम्प, मग असेटस्टोअरची कॉपी. का ते पाहा. रात्री एकला डम्प झाला, दोनला फाइली कॉपी झाल्या आणि दीडला कुणी नवा प्रबंध चढवला, तर बॅकअपमध्ये एक जास्तीची फाइल येईल जिची नोंद नाही. त्याने काही बिघडत नाही. पण आधी फाइली कॉपी केल्या आणि मग डम्प घेतला, तर बॅकअपमध्ये नोंद असेल आणि फाइलच नसेल. वाचक लिंक दाबेल आणि समोर काहीच येणार नाही. वस्तू काढून टाकली तरी डीस्पेस तिची फाइल लगेच पुसत नाही. साफसफाईची वेगळी आज्ञा दिल्यावरच पुसतं. ती आज्ञा या दोन कामांच्या मधे चालू देऊ नका, एवढं पाळलं की क्रमाचं काम झालं.

तिसरा भाग लहान आणि हमखास विसरला जाणारा. नोंदीचे रकाने कोणते, अर्ज कसा दिसतो, साइटचा पत्ता काय हे ठरवणाऱ्या सेटिंगच्या फाइली, आणि हँडल सेवेच्या चाव्या, म्हणजे त्या सेवेला आपली ओळख पटवणाऱ्या छोट्या फाइली. या डेटाबेसमध्ये नसतात. त्या नसतील तर सगळं परत उभं करूनही कायमचे पत्ते चालत नाहीत.

चौथा, वाचनाची आकडेवारी. शोधासाठी लागणारी अनुक्रमणिका वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ती नोंदींवरून पुन्हा बनवता येते. पण कोणता प्रबंध कितीदा उघडला गेला हे आकडेही त्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात, आणि ते नोंदींवरून बनवता येत नाहीत. अनुदानाच्या अर्जात हे आकडे लागत असतील तर ते वेगळे काढून ठेवा.

‘पण सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत’

दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिण्याच्या सोयीला रेड म्हणतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते. ही सोय हवीच. पण चुकीची आज्ञा दिली की दोन्ही डिस्कांवर ती त्याच क्षणी पाळली जाते. पुसलं तर दोन्हीकडे पुसलं जातं. डेटाबेसची दुसऱ्या यंत्रावर सतत चालणारी जुळी प्रतही अशीच असते. बॅकअप म्हणजे मागच्या वेळेकडे परत जाता येणं, आणि ते या दोन्हींत नाही.

‘क्लाउडवर आहे, कंपनी बघते’

कंपनी बहुतेक वेळा अख्ख्या यंत्राचं चित्र काढून ठेवते, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. तो कामाचा आहे, पण तुमच्याच खात्यात असतो. खात्याचा पासवर्ड चोरीला गेला, बिल थकून खातं बंद झालं, तर सर्व्हर आणि स्नॅपशॉट दोन्ही एकदमच जातात. डेटाबेस लिहीत असताना काढलेला स्नॅपशॉट नीट उघडेलच, याचीही खात्री करून घ्यावी लागते. म्हणून स्नॅपशॉट असला तरी डम्प घ्याच, आणि तो त्या कंपनीच्या बाहेर ठेवा. एवढ्याशा डम्पला बाहेर जागा नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही.

‘आमचे प्रबंध शोधगंगेवर आहेतच’

प्रबंध आहेत, आणि ती मोठी सोय आहे. पण कॉलेजच्या रिपॉझिटरीतल्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका, दुर्मीळ पुस्तकं, गावातल्या कुणी दिलेली पत्रं तिथे नाहीत. खडगपूरच्या आयआयटीने चालवलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अनेक संस्थांच्या नोंदी गोळा करतं, पण ते आपल्या साच्यात बसेल तेवढंच घेतं. तुमचे खास रकाने आणि परवानग्या तुमच्याच सर्व्हरवर राहतात.

‘रोज कालची प्रत पुसून आजची ठेवतो’

हे सगळ्यात धोक्याचं आहे. उदाहरण अगदी रोजच्या कामातलं घेते. डीस्पेसमधून शेकडो नोंदी एका सीएसव्ही फाइलीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत काढता येतात, दुरुस्त करून परत चढवता येतात. ती फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी पुष्कळदा टोप्या आणि टिंबं लावलेली परकी अक्षरं दिसतात, कारण एक्सेलने युनिकोड ओळखलेलं नसतं. घाईत कुणी वर्षाचा रकाना दुरुस्त करतं, सेव्ह करतं आणि परत चढवतं. शेकडो मराठी शीर्षकांचा चोथा होतो. याला ‘अनडू’ नाही. त्या रात्री बॅकअप व्यवस्थित होतो, म्हणजे त्या चोथ्याचा व्यवस्थित बॅकअप होतो. आठ दिवसांनी कुणाच्या लक्षात येतं, तेव्हा चांगली प्रत केव्हाच पुसली गेलेली असते.

म्हणून पिढ्या ठेवायच्या. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा. डम्प लहान असल्यामुळे एवढ्या ठेवूनही जागा भरत नाही. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायचीच असेल तर डेटा मेनूतून, युनिकोड निवडून आत घ्या.

प्रती कुठे ठेवायच्या

किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. देजॉनच्या आगीनंतर त्यातला ‘दुसऱ्या इमारतीत’ हा भाग वेगळा समजावायला नको.

त्यात एक भर घाला. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे हल्ले, आता आधी बॅकअप शोधतात आणि तो नासवतात. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क त्यांना आयती सापडते. म्हणून एक प्रत तरी वायरीतून काढलेली असावी. शक्य असेल तर सर्व्हरने बॅकअप दुसरीकडे ढकलण्याऐवजी बॅकअपच्या यंत्राने येऊन तो उचलावा. मग सर्व्हर हल्लेखोराच्या हातात गेला तरी बॅकअप पुसायचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

डम्पमध्ये वाचकांचे ईमेल पत्ते आणि पासवर्डचं सांकेतिक रूपही असतं. तो उघडा ठेवू नका. कुलूपबंद करूनच बाहेर पाठवा. वेबसाइटच्याच फोल्डरात डम्प टाकून ठेवणं म्हणजे तो जगाला वाटणं.

ब्रिटिश लायब्ररीचा धडा

ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर असाच खंडणीचा हल्ला झाला. मुख्य सूची आठवडेच्या आठवडे बंद होती. १५ जानेवारी २०२४ ला ती परत आली, तीही फक्त शोधण्यापुरती. मार्चमध्ये ग्रंथालयाने प्रामाणिक अहवाल प्रसिद्ध केला. डिजिटल साठ्याच्या आणि त्याच्या मेटाडेटाच्या सुरक्षित प्रती आपल्याकडे आहेत, असं त्यात म्हटलं होतं. मग अडलं कुठे? हल्लेखोरांनी सर्व्हर नासवले होते, जुनी सॉफ्टवेअरं नव्या यंत्रांवर चालणारी नव्हती, आणि प्रती उतरवायला धड जागाच उरली नव्हती.

बॅकअप आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच एका पद्धतीने मिळतं: तो कोऱ्या यंत्रावर उतरवून पाहणं. याला रिस्टोअर म्हणतात. जुना संगणक घ्या, सर्व्हरवर आहे त्याच आवृत्तीचं पोस्टग्रेस आणि डीस्पेस बसवा, डेटाबेस युनिकोडमध्ये तयार करा. हे चुकलं तर मराठी नोंदी नीट उतरत नाहीत. डीस्पेसला ‘पीजीक्रिप्टो’ नावाची जोडणी लागते. ती आधी नसेल तर डम्प उतरताना अडतो. मग असेटस्टोअर जागेवर ठेवा, शोधाची अनुक्रमणिका पुन्हा बनवा, आणि डीस्पेसचाच चेकसम तपासणारा प्रोग्राम चालवून फाइली आणि ठसे जुळतात का पाहा.

त्यानंतर माणसाने पाहायचं. सगळ्यात जुनी नोंद उघडा, कालची उघडा. जोडाक्षरं असलेलं मराठी नाव शोधा. बंद ठेवलेली एक फाइल पाहुणा म्हणून, म्हणजे लॉग-इन न करता, उघडायचा प्रयत्न करा. ती उघडता कामा नये. एकूण नोंदींची संख्या मूळ सर्व्हरशी जुळवा. वर्षातून दोनदा हे करा, आणि प्रत्येक मोठ्या अपग्रेडच्या आधी करा. मधल्या काळात रोज सकाळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: रात्रीच्या डम्पचा आकार. कालपेक्षा अचानक लहान किंवा शून्य दिसला, तर त्याच दिवशी शोध घ्या. ईमेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका; गिटलॅबलाही ईमेल आले नव्हते.

हे करायचं कुणी?

ग्रंथपाल म्हणतात हे संगणक विभागाचं काम, संगणक विभाग म्हणतो सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या एजन्सीचं, आणि एजन्सीच्या करारात ‘देखभाल’ एवढाच शब्द असतो. प्रत काढण्याचं काम तंत्रज्ञाचं असू दे, पण रिस्टोअर करून नोंदी तपासण्याचं काम ग्रंथपालांनीच करायला हवं. शीर्षक बरोबर उतरलं की नाही, हे नोंद करणाऱ्यालाच कळतं.

एजन्सीबरोबरच्या करारात पुढच्या गोष्टी लेखी घ्या: रोजचा डम्प संस्थेच्या ताब्यातल्या जागी येईल, वर्षातून दोनदा रिस्टोअर करून दाखवला जाईल, आणि करार संपताना डम्प, असेटस्टोअर, सेटिंगच्या फाइली व हँडलच्या चाव्या संस्थेला मिळतील. कुलूपबंद डम्पचा पासवर्ड एकट्या माणसाच्या डोक्यात किंवा त्याच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नका. तो कागदावर लिहून, रिस्टोअरच्या पायऱ्यांसह, बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या कपाटात ठेवा, आणि माणूस बदलला की पासवर्डही बदला.